धनुष्याच्या भुजेतला पीळ काढताना

लाकूड आणि फायबरग्लास यांच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या पारंपरिक रिकर्व्ह, म्हणजे टोके उलट बाजूला वळलेल्या, धनुष्याची भुजा पिळली, की बहुतेक जण ते धनुष्य बाद समजतात. भुजेला, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या भागाला, मैदानावर सगळे लिम्बच म्हणतात आणि "लिम्ब गेली" एवढ्या दोन शब्दांत निकाल लागतो. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्यात मी अशा एका धनुष्याच्या खालच्या भुजेतला पीळ काढला. हे काम कोणालाही घरी करता येण्यासारखे आहे, मात्र त्यातील क्रम आणि कारणे नीट समजून घेतली पाहिजेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे धनुष्य माझ्या मामांचे. मुठीपासून टोकापर्यंत अखंड, कुठेही स्क्रूने न जोडलेले, 62 इंच लांबीचे आणि 28 इंच खेचायला 38 पाउंड जोर लागणारे. मामांनी ऐन उमेदीत त्यावर पुष्कळ सराव केला आणि नंतर खांदा दुखू लागल्यावर ते वाईच्या घरी जपून ठेवले. पुढे घराची रंगरंगोटी निघाली, तेव्हा कामगारांनी सगळे सामान माळ्यावर हलवले. त्यात हे धनुष्यही दोरी चढवलेल्या स्थितीतच कोपऱ्यात, खालच्या टोकावर उभे राहिले. वर पत्रा, समोर चैत्र-वैशाख. मामांनी ते मला द्यायचे ठरवून खाली काढले, तेव्हा दोरी खालच्या भुजेच्या मध्यावरून न जाता एका कडेला सरकलेली दिसत होती.

साताऱ्यात धनुर्विद्येचे वातावरण आहे, त्यामुळे विचारायला माणसे मिळतात. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी अदिती स्वामी साताऱ्याची, तिच्याबरोबर पुरुष गटात सुवर्ण जिंकणारा नागपूरचा ओजस देवतळेही इथेच सराव करत होता. त्याच वर्षी युवा जागतिक स्पर्धेत रिकर्व्हमध्ये अजिंक्य ठरलेला पार्थ साळुंखे साताऱ्याचा आणि टोकियो ऑलिम्पिकला गेलेले प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे. साहजिकच इथल्या मुलांच्या हातात कंपाउंड किंवा ऑलिम्पिक पद्धतीची रिकर्व्ह धनुष्ये असतात. अशा रिकर्व्हच्या भुजा सुट्या निघतात. भुजा जिथे रायझरमध्ये, म्हणजे मुठीच्या मधल्या भागात, बसते, तिथे तिची दिशा डावी-उजवीकडे किंचित हलवण्याची सोय असते आणि भुजा फारच बिघडली तर नवी जोडी आणता येते. मी मुलांना शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना मामांचे धनुष्य दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे असं झालं तर आम्ही लिम्ब बदलतो. तुमच्या धनुष्यात बदलायला काही नाहीच. करायचं ते याच लिम्बवर करावं लागेल." त्यांनी एक मोलाची सूचनाही केली. दोरी कडेला गेलेली दिसते म्हणजे भुजा पिळलीच आहे असे लगेच धरून चालू नये, असे ते म्हणाले.

ही सूचना मी अक्षरशः पाळली. दोरी मध्यावरून सरकण्याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत. पहिले कारण दोरीत किंवा टोकाच्या खाचेत असते. दोरीचा फासा खाचेत एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली बसला, किंवा दोन बाजूंच्या खाचा सारख्या खोल नसल्या, तर निर्दोष भुजाही दोरी चढवताच कलते. अशा वेळी बारीक गोल कानशीने उथळ खाच जराशी खोल करणे एवढेच काम उरते आणि उष्णता देऊन भुजा मुरडणाऱ्याने चांगली भुजा वाकडी केली असे होते. दुसरे कारण म्हणजे भुजेची एक कड दुसरीपेक्षा ताठ असणे. हा घडणीतला दोष असतो. दोरी उतरवल्यावर अशी भुजा सरळ दिसते, ताण आला की कमजोर कडेकडे झुकते, आणि ताठ कड अगदी थोडी थोडी घासून दोन्ही कडा समतोल कराव्या लागतात. तिसरे कारण भुजेत कायमचा बसलेला पीळ. तो दोरी उतरवल्यावरही दिसतो.

मी आधी जुनी दोरी काढून नवी, नीट पीळ दिलेली दोरी चढवून पाहिली. सरकणे तसेच राहिले. मग दोन्ही खाचांत एकच जाड सुई आडवी ठेवून त्यांची खोली ताडून पाहिली. त्या सारख्या होत्या. त्यानंतर दोरी उतरवली आणि सुतार लोक फळीचा पीळ तपासतात ती पद्धत वापरली. स्टीलच्या 15 सेंटिमीटरच्या दोन सारख्या फूटपट्ट्या घेतल्या. एक मुठीजवळ, भुजा जिथून वाकू लागते त्याच्या अलीकडे, भुजेला आडवी रबरबँडने बांधली आणि दुसरी टोकाच्या खाचेपासून चार बोटे आत तशीच बांधली. धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर जाड टॉवेल टाकून आडवे ठेवले आणि टोकाकडून एक डोळा मिटून पाहिले. भुजा सरळ असेल तर पुढच्या पट्टीची वरची कड मागच्या पट्टीच्या कडेशी समांतर दिसते. वरच्या भुजेवर तशीच दिसली. खालच्या भुजेवर मात्र पुढची पट्टी डावीकडे खाली आणि उजवीकडे वर गेलेली होती, पट्टीच्या प्रत्येक टोकाला सुमारे 5 मिलिमीटर. पट्टीची अर्धी लांबी साडेसात सेंटिमीटर धरली, तर हा पीळ साधारण 4 अंशांचा होतो. आकडा लहान वाटतो, पण रिकर्व्हच्या उलट्या वळणावर दोरी खाचेतून निसटायला एवढा पीळ पुरतो. बाण सोडण्याच्या क्षणी दोरी निसटली, तर भुजा तडकू शकते आणि चेहऱ्याला इजा होऊ शकते. म्हणून पीळ मोजून झाल्यावर तो निघेपर्यंत त्या धनुष्यावर एकही बाण चढवायचा नाही, असे ठरवून टाकले.

यानंतर भुजा शाबूत आहे का ते पाहिले. फायबरग्लासच्या कडेवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला. कुठे चीर असती तर कापसाचे तंतू तिथे अडकले असते. लाकूड आणि फायबरग्लास जिथे जोडले आहेत त्या रेषेवर विजेरीचा प्रकाश तिरका टाकून पाहिला. थर सुटू लागले असतील तर तिथे पांढरट डाग किंवा रेघ दिसते. तशी एक जरी रेघ दिसली असती, तर मी पुढे गेले नसते, कारण सुटलेला थर गरम करून मुरडणे म्हणजे तो उरलासुरला उचकटणे. सुदैवाने सांधे स्वच्छ होते.

पीळ कसा बसला हे समजून घेतल्यावर तो कसा काढायचा हेही समजले. धनुष्यासाठी वापरतात त्या फायबरग्लासचे धागे जवळजवळ सगळे भुजेच्या लांबीच्या दिशेने घातलेले असतात. त्यामुळे भुजा वाकण्यात अतिशय चिवट असते, पण मुरडण्याला तिचा विरोध त्या मानाने बराच कमी असतो. थर जोडणारे इपॉक्सी थंड असताना कडक असते, परंतु उष्णता वाढली की ते जरा सैल होते आणि सततच्या ताणाखाली अगदी हळूहळू सरकत जाते. माळ्यावर नेमके हेच घडले होते. दोरीचा ताण होता, खालच्या टोकावर सगळा भार एका कडेला आला होता आणि पत्र्याखालच्या उष्म्याने इपॉक्सीला सरकायला मोकळीक दिली होती. उन्हाळा सरताना ते त्याच मुरडलेल्या स्थितीत पुन्हा घट्ट झाले. तेव्हा उपायही त्याच वाटेने उलटा जायला हवा. आधी थोडी उष्णता, मग उलट्या दिशेने ताण आणि त्या ताणाखालीच पूर्ण थंड होणे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला करंजे भागात राहणाऱ्या एका वृद्ध सुतारकाम करणाऱ्यांनी पटवून दिले. सगळे त्यांना आबा म्हणतात. ते वेताच्या आणि बांबूच्या काठ्या शेकून सरळ करतात, काठीची मूठ वाकवतात. मी त्यांना विचारले, "आबा, किती गरम करायचं?" ते म्हणाले, "गरम करायचं काय, कुणी बी करतंय. पर गरम गरमच सोडून दिलं तर ते परत आपल्या जागेवर जातंय बघ. धरून ठिवायचं. हाताला गार लागलं तरी आतनं गार झालेलं नसतंय, तवर सोडायचं न्हाई." मग त्यांनी एक बांबूची कामटी निखाऱ्यावर फिरवून गुडघ्यावर दाबली आणि ती दाबलेलीच ठेवून माझ्याशी बराच वेळ बोलत राहिले. सोडली तेव्हा ती सरळच राहिली.

उष्णतेसाठी मी पाणी निवडले. केस वाळवायच्या ड्रायरनेही हे काम होते, पण हवा एका जागी जास्त तापते आणि बाजूची जागा थंडच राहते. उघड्या ज्योतीचा तर विचारही करू नये. पाणी सगळीकडे सारखे तापवते आणि त्याचे तापमान मोजता येते. घराच्या गच्चीवर सौर बंब आहे. दुपारी त्यातले पाणी फारच कढत असते, म्हणून थंड पाणी मिसळून थर्मामीटरवर 50 ते 55 अंश सेल्सियस एवढे आणले. सामान्य तापमानाला सुकणारी पुष्कळ इपॉक्सी 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. त्या मर्यादेच्या अलीकडेच राहायचे होते, कारण सांधा सैल करायचा होता, सोडवायचा नव्हता.

पाणी ओतण्यापूर्वी भुजेवर तीन ठिकाणी मास्किंग टेपच्या आडव्या पट्ट्या लावून त्यांवर पेन्सिलने भुजेचा मध्य आखून घेतला. एक खूण मुठीजवळ, दुसरी भुजेच्या मध्यावर आणि तिसरी उलटे वळण सुरू होते तिथे. डोळ्याला सरळ आणि वाकडे यांतला फरक नंतर नंतर कळेनासा होतो, खुणा मात्र खरे सांगतात. चामड्याच्या मुठीत पाणी जाऊ नये म्हणून तिला प्लॅस्टिक गुंडाळले. टोकाजवळ जिथे वॉर्निश उडाले होते, तिथे आदल्या दिवशीच पातळ हात देऊन ठेवला होता, म्हणजे उघड्या लाकडात पाणी शिरणार नाही.

धनुष्याची दोरी उतरवलेली होती. मामांनी दोन्ही हातांनी मूठ आपल्या मांडीवर घट्ट धरली आणि मी खालच्या भुजेवर मगाने गरम पाणी संथपणे सोडत राहिले. भुजेचा स्पर्श आतून कोमट लागेपर्यंत थांबले. घाई केली तर वरचे फायबरग्लास तापते आणि आतले लाकूड थंडच राहते. मग उलट्या वळणाच्या सुरुवातीला जाड सुती कापड गुंडाळून, तळव्याने भुजा पकडून, पिळाच्या विरुद्ध दिशेने मुरडली. सरळ स्थितीला आणून थांबले नाही. जेवढा पीळ होता जवळजवळ तेवढाच पलीकडे नेला, कारण सोडल्यावर भुजा थोडी मागे येतेच. मुरडताना बळ टोकाला लावू नये. टोक अरुंद असते आणि तिथले थर सर्वांत आधी तक्रार करतात. बळ रुंद भागावर आणि सावकाश लावावे. त्या वेळी हाताला जाणवलेला विरोध मला अजून स्पष्ट आठवतो. आधी तो कडक होता, मग एका क्षणी किंचित नमला आणि त्यानंतर सगळीकडे सारखा झाला. तो सारखेपणा जाणवल्यावर मी आणखी जोर लावला नाही.

मग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू झाला. मामांनी भुजेवर आधी कोमट, मग साधे पाणी सोडले, आणि मी तिला तशीच धरून राहिले. हात भरून आले, तेव्हा आम्ही लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये कापड घालून भुजा चिमटीत धरली आणि पट्ट्या खुर्चीच्या पायाला दोरीने बांधून टाकल्या. "सोडून बघायचं का आता?" असे मामांनी विचारले. मला आबांची कामटी आठवली. आम्ही ती तशीच बांधून ठेवून जेवून घेतले आणि ऊन उतरल्यावर सोडली.

फूटपट्ट्या पुन्हा बांधून पाहिल्या. पीळ गेला नव्हता, पण निम्म्याच्या आसपास आला होता. पुन्हा मोठ्या प्रमाणावर मुरडून एका झटक्यात उरलेले काढावे असा मोह होतो. तो आवरला. एकाच वेळी फार पलीकडे नेलेली भुजा सरळ होण्याऐवजी उलट्या दिशेने पिळू शकते. शिवाय प्रत्येक वेळी गरम होताना सांध्यावर ताण येतोच. एक दिवस विश्रांती देऊन तीच कृती पुन्हा केली. नंतरच्या वेळी पाणी तेवढेच गरम ठेवले, मुरडणे कमी केले आणि बांधून ठेवण्याचा वेळ वाढवून रात्रभर केला. असे करत करत एका टप्प्यावर फूटपट्ट्यांच्या कडा एकमेकींवर अशा बसल्या की मधून प्रकाशाची सारखी फट दिसू लागली.

इथे बांबूच्या किंवा अखंड लाकडाच्या धनुष्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण भारतीय पद्धतीच्या स्पर्धांमध्ये मुले तशी धनुष्ये वापरतात आणि त्यांनाही पीळ बसतो. त्यांवर वरची कृती जशीच्या तशी करू नये. फायबरग्लास नसलेल्या लाकडाला पाणी लागले की ते ओल धरते, जड होते आणि बाण सोडण्याचा जोर कमी होतो. तिथे कोरडी ऊब किंवा वाफ वापरतात, विरुद्ध दिशेने बांधून थंड होऊ देतात आणि मग बरेच दिवस दोरी चढवत नाहीत. कोरड्या उष्णतेने लाकडातली नैसर्गिक ओलही उडते. ती हवेतून परत येण्याआधी धनुष्य खेचले तर लाकूड ठिसूळपणाने मोडते. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने जोडलेल्या जुन्या संयुक्त धनुष्यांना तर ऊब देऊन भुजा सरळ करणे हा नेहमीच्या निगेचाच भाग होता, कारण सरस ओल आणि उष्णता या दोहोंनी मऊ होतो. आपल्या पावसाळ्यात त्या धनुष्यांची किती काळजी घ्यावी लागत असेल, याची कल्पना हे काम करताना मला पहिल्यांदा आली.

भुजा सरळ झाल्यावर दोरी चढवायची होती. पायात धनुष्य अडकवून आणि मांडीवर दाबून दोरी चढवण्याची जुनी पद्धत बहुतेकांना येते, पण तीत भुजेवर बळ तिरके पडते आणि पीळ बसण्याचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवण्यासाठीची वेगळी दोरी, वापरला. त्याची दोरी पायाखाली दाबून मूठ सरळ वर उचलली की दोन्ही भुजा सारख्या वाकतात आणि फासा हलकेच खाचेत सरकवता येतो. दोन्ही फासे खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करून मी धनुष्य परत खुर्च्यांवर ठेवले. दोरी टेपवरच्या तिन्ही खुणांवरून आणि मुठीच्या मध्यावरून गेली. मूठ ते दोरी हे अंतर सुमारे 8 इंच भरले, ते या लांबीच्या रिकर्व्हला साजेसे आहे.

तरीही लगेच बाण चढवला नाही. दोरी चढवूनच धनुष्य सावलीत रात्रभर आडवे ठेवले आणि सकाळी पुन्हा पाहिले. मग मामा माझ्या मागे उभे राहिले आणि मी दोरी आधी थोडी, नंतर अर्धी, मग पूर्ण खेचून, प्रत्येक वेळी न सोडता सावकाश मागे आणली. रिकामी दोरी कधीही सोडायची नसते. बाणाचे वजन नसले की सगळा धक्का भुजांना बसतो. पूर्ण खेचलेल्या स्थितीत खालची भुजा कोठे कलते का, हे मागूनच दिसते, स्वतःला दिसत नाही. "सरळ आहे. आता सोड," असे मामा म्हणाले, तेव्हा पहिला बाण जवळच्या गवताच्या पेंढीवर सोडला. दोरी खाचेत राहिली. सामान तोलायचा काटा दोरीला अडकवून 28 इंचांवर वजन पाहिले, तर 38 पाउंडच भरले. याचा अर्थ उष्णतेने भुजेची ताकद गेलेली नव्हती.

नंतरच्या आठवड्यांत अधूनमधून पट्ट्या लावून पाहत राहिले. सुरुवातीला पीळ अगदी थोडा, केसभर परत आला आणि तिथेच थांबला. तो काढण्याच्या मागे मी लागले नाही. दोरी खाचेच्या मध्यावर बसते, बाण सरळ जातो आणि भुजेला पुन्हा गरम करण्याएवढे कारण उरलेले नाही. आता सराव संपला की दोरी उतरवते आणि धनुष्य भिंतीला टेकवून न ठेवता दोन रुंद खुंट्यांवर आडवे ठेवते, आतल्या खोलीत, गच्चीच्या भिंतीपासून दूर. उन्हाळ्यात गाडीत तर ते क्षणभरही ठेवत नाही. मामांना भाच्याच्या मुलासाठीही असेच एक धनुष्य घ्यायचे आहे. ते जुने मिळाले तर विकत घेण्याआधी दोन फूटपट्ट्या आणि रबरबँड बरोबर न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.